समुपदेशनाची पूर्वतयारी

भिलाईच्या कुरुद भागात राहणारी एखादी मुलगी जीवशास्त्राची पदवी पदरात पाडून पुढचा विचार करू लागली, तर तिच्यापुढे आज एक नवी वाट आहे. जनुकीय समुपदेशन हे तिचे नाव. शेल्डन रीड यांनी १९४७ साली अमेरिकेत हे नाव प्रचारात आणले आणि तेथीलच सारा लॉरेन्स महाविद्यालयात १९६९ साली या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आता आपल्याकडेही असे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाचा अर्ज कसा भरावा, हे मी सांगणार नाही. तो कोणीही भरील. मला बोलावयाचे आहे ते त्याआधीच्या तयारीविषयी.

या विद्येचा पहिला धडा कुरुदच्या मुलीला घराजवळच सापडेल. १९५६ पर्यंत दुर्गचा राज्यकारभार नागपुराहून चाले. पुढे राज्ये निराळी झाली, पण रक्ताला सीमा कळत नाहीत. विदर्भ आणि छत्तीसगड या सलग पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोगी वेदनांनी तळमळतो. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर मूल वाहक होते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक.

हे 'चारांत एक' फार फसवे आहे. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठणठणीत होणार, असा हिशेब भोळा माणूस मांडतो. वास्तविक दर खेपेला दान नव्याने पडते. मागच्या दानाची त्याला आठवण नसते. संख्याशास्त्राच्या परीक्षेत हे लिहिणे सोपे आहे; अक्षरशत्रू आजीला ते छत्तीसगढीत, रुपयातल्या चार आण्यांच्या भाषेत, तिचे मन न दुखवता पटविणे अवघड. माझ्या मते या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थिनीने रेणूंची नावे पाठ करण्याआधी हे करून पाहावे. जीवरसायन आणि संख्याशास्त्र तर हवेच. थोडे मानसशास्त्रही हवे. एखाद्या आरोग्य केंद्रात किंवा सेवाभावी संस्थेत काही महिने बसून ऐकण्याची सवय करावी. ऐकणे ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. बोलक्या माणसाला तर नाहीच.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे हे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्याच्या हाती कार्ड येते. आता कल्पना करा, लग्न ठरत आले आहे आणि मुलगी वाहक निघाली. आई हळूच विचारते, "बाई, हे कार्ड दडवून ठेवू का?" समुपदेशकाने येथे हुकूम सोडावयाचा नसतो. लग्न करा किंवा मोडा, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. पण गप्प बसणेही त्याला शोभणार नाही. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, आणि दोघेही वाहक असल्याखेरीज या दोषापायी मुलाला आजार संभवत नाही, एवढे त्याने स्पष्ट सांगावे. मग मुलीचे कार्ड मागणाऱ्याने मुलाचेही रक्त तपासून घ्यावे, हे ओघानेच आले. ही गोष्ट वरपक्षाच्या बैठकीत, आवाज न चढविता सांगता येते का, ते कुरुदच्या त्या मुलीने आधी आपल्याच घरात बोलून पाहावे.