किलोभर टोमॅटो, चार ग्लास

आज बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधून तुमच्याशी बोलतेय. समोर किलोभर टोमॅटो आहेत. थोडे बाल्कनीतल्या कुंड्यांमधले, बाकीचे कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचे. यांचं आज उन्हाळी कॉकटेल करायचंय.

आधी एक गोष्ट सांगते. मार्च २०२४ मध्ये इथे पाण्याची एवढी टंचाई झाली, की पिण्याचं पाणी बागेला घातलं किंवा त्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड, असं पाणीपुरवठा मंडळानं जाहीर केलं. आम्ही सगळे टँकरची वाट बघत बसायचो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून मी कुंड्या जगवल्या. टोमॅटो मोजकेच आले. पण तेव्हापासून एक नियम केला, यातलं काहीही वाया घालवायचं नाही. आजची कृती त्या नियमातूनच आलीय.

टोमॅटोचं कॉकटेल म्हटलं की ब्लडी मेरी आठवते. १९२० च्या दशकात पॅरिसच्या हॅरीज बारमध्ये काम करणाऱ्या फर्नां पेतियो यांना तिचं श्रेय सहसा दिलं जातं. पण तो दाट रस. एप्रिलच्या दुपारी जड वाटतो. आपल्याला हवंय आपल्या साराच्या जवळचं काहीतरी, पातळ आणि आंबटसर. म्हणून रस काढायचा नाही, टोमॅटोचं पाणी गळू द्यायचं. श्रीखंडाला चक्का बांधतो ना, अगदी तसं.

टोमॅटो कुठले घ्यायचे? इथल्या भाजीवाल्याकडे दोन ढीग असतात, नाटी आणि हायब्रिड. नाटी म्हणजे गावठी. सालीला पातळ, रसाळ, आंबट. आपल्याला तेच हवेत. पूर्ण लाल आणि हाताला किंचित मऊ लागणारे निवडा. आणि अख्खे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोचा वास कमी होतो आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण परत येत नाही. टोपलीत, सावलीत ठेवा.

आता कृती. टोमॅटो धुऊन जाडसर चिरा. बिया काढू नका! बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेट जास्त असतं आणि टोमॅटोची ती भरलेली, खमंग चव बरीचशी त्याच्यामुळेच येते. एक छोटा चमचा मीठ लावून हातानं कुस्करा. मिक्सर नको, त्यानं पाणी गढूळ होतं. स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधा, चाळणीत ठेवा, खाली पातेलं. हे सगळं रात्रभर फ्रिजमध्ये. चिरून मीठ लावल्यावर उन्हाळ्यात बाहेर ठेवणं बरं नाही. आणि पुरचुंडी पिळायची नाही बरं का! पिळलीत की गर उतरतो. सकाळी साधारण ४०० मिली फिकट सोनेरी पाणी मिळेल. रंग बघून कोणाला टोमॅटो ओळखू येणार नाही. एक घोट घेतला की कळतं.

एका ग्लासाला १०० मिली हे पाणी, एक छोटा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरचीची एक चकती. कढीपत्त्याचं पान तळहातावर चापटी मारून टाका, वास मोकळा होतो. भरपूर बर्फ. मग ३० मिली व्होडका किंवा जिन. गोव्याची काजूफेणी असेल तर २० मिलीच, तिचा वास टोमॅटोवर कुरघोडी करतो. ज्यांना दारू नको, त्यांनी तेवढाच सोडा घाला. हा काही दुय्यम प्रकार नाही. आमच्याकडे आधी सोड्याचेच ग्लास संपतात.

आता हातगाडीवरच्या टोमॅटोंबद्दल. ते बहुतेक वेळा कोलारचे असतात. इथून पूर्वेला तास-दीड तासावर. तिथला टोमॅटो बाजार आशियातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. पण जिल्ह्यात बारमाही नदी नाही. २०१८ पासून बंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातलं सांडपाणी प्रक्रिया करून कोलारच्या तळ्यांत सोडलं जातं, भूजल वाढावं म्हणून. ही प्रक्रिया आणखी एक टप्पा पुढे न्या, अशी तिथल्या लोकांची मागणी आहे. म्हणजे बघा, शहर वापरलेलं पाणी पाठवतं आणि तिकडून टोमॅटो येतात. जुलै २०२३ मध्ये हेच टोमॅटो शंभरीच्या वर गेले तेव्हा आपण कुरकुरलो. भाव कोसळला की शेतकरी ते रस्त्यावर ओततो, तेव्हा आपण बातमी बघून पुढे जातो. माझ्या चार कुंड्यांनी मला एवढं शिकवलं, की एक टोमॅटो पिकवायला किती बादल्या लागतात.

म्हणून फडक्यातला चोथा टाकू नका. तेलात हिंग, मोहरी, लसूण, लाल तिखट घालून परता, गूळ घाला, चटणी तयार. कॉकटेलबरोबर भाकरीच्या तुकड्यावर ती चटणी वाढा. पाहुणे आधी तीच मागतात.

फडकं धुतलेलं पाणी? ते कुंडीला. पण साबण न लावता धुवा. करून बघा आणि कसं झालं ते जरूर कळवा.