'बंगाल' : एका सोबती नौकेचा वृत्तान्त



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय शोधताना माझे लक्ष आपल्या सुरतेच्या समुद्राकडे गेले. येथून जवळच सुवाळीला १६१२ साली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आली. व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या त्या पथकापासून पुढच्या रॉयल इंडियन नेव्हीची परंपरा मोजली जाते. ते आरमार परक्यांच्या व्यापारासाठी होते, हे खरेच. पण त्यात रत्नागिरी किनाऱ्यावरील आपले दर्यावर्दी पिढ्यान्पिढ्या भरती होत, हेही विसरता येत नाही. दुसऱ्याच्या जहाजाला सोबत करणे हे त्याचे मूळ काम. त्या कामाची कसोटी दुसऱ्या महायुद्धात ज्या लहान नौकेला द्यावी लागली, तिचे नाव 'बंगाल'.

सिडनी येथे बांधलेली, सुमारे ६५० टनांची ही नौका १९४२ च्या ऑगस्टमध्ये सेवेत आली. सुरुंग काढणे आणि जहाजांना संरक्षण देणे ही तिची कामे. हिंदुस्थानाकडे येण्याच्या पहिल्याच सफरीत 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज तिच्या हवाली होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' ही दोन सशस्त्र जपानी जहाजे समोर आली. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठे. 'बंगाल'वर मोठी म्हणावी अशी एकच बारा-पौंडी तोफ होती.

नौकाधिपती लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी 'ओंडिना'ला निघून जाण्यास सांगितले आणि आपली नौका शत्रूच्या रोखाने वळवली. 'ओंडिना'चे कप्तान होर्समन मात्र गेले नाहीत. त्यांनीही आपली एकुलती तोफ चालवली. एक गोळा वर्मी बसला, 'होकोकू मारू' पेटले आणि स्फोट होऊन बुडाले. तो गोळा कोणाचा, याविषयी दोन्ही जहाजांचे दावे आहेत.

यापुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. दारूगोळा संपत आल्यावर जखमी 'बंगाल' धुराच्या पडद्याआड निघून गेली. मागे 'ओंडिना'वर टॉर्पेडो आदळले, होर्समन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशीनगन चालली. तरीही जहाज तरले. शत्रू गेल्यावर उरलेले खलाशी परत चढले, त्यांनी आग विझवली आणि ते फ्रीमँटलला पोहोचले. 'बंगाल'ही दिएगो गार्सियास सुखरूप आली.

मग रक्षकाने आपल्या आश्रिताला सोडले काय? माझ्या मते, गोळेच उरले नसताना जवळ राहून 'बंगाल'ला 'ओंडिना'चे रक्षण करता आले नसते. तिचे कर्तव्य तिने आरंभीच, शत्रूकडे वळताना बजावले होते. परंतु एकट्या 'बंगाल'ने शत्रू बुडवला असे मुलांना शिकवणे म्हणजे होर्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा हिरावून घेणे होय. तो विजय दोघांचा होता आणि त्याची अधिक किंमत रक्षिलेल्या जहाजाने मोजली.

स्वातंत्र्यानंतर 'बंगाल' भारतीय नौदलात राहिली आणि १९६० साली मोडीत निघाली. लोखंड गेले, वृत्तान्त उरला. तो पुरता सांगणे हेच अशा स्मृतिव्याख्यानाचे काम आहे, असे मी मानतो.