चार दिवसांचे लंडन



आपल्या खानदेशातली मुलं आता शिक्षणाला, नोकरीला परदेशी जातात. मागोमाग आईवडिलांनाही चार दिवसांचं बोलावणं येतं. तुमच्यापैकी कुणी असं लंडनला निघालं असेल, तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पाहुण्याचा पहिला दिवस बहुधा ब्रिटिश म्युझियममध्ये जातो, आणि बराचसा वायाच जातो. हे संग्रहालय १७५९ साली लोकांना खुलं झालं. तिथल्या कायमच्या दालनांना आजही तिकीट नाही. फुकट आहे म्हणून माणूस सकाळी शिरतो, ममीपासून घड्याळांपर्यंत सगळं पायाखाली घालतो, आणि संध्याकाळी त्याला आठवतात ते दुखणारे पाय. अहो, बैलजोडी घ्यायला गेलेला शेतकरी बाजारातल्या प्रत्येक बैलाचे दात पाहतो का? दोन-चार जोड्या हेरतो नि त्यांच्यापाशीच थांबतो. इथंही तसंच करावं. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा तिथं आहेत. तासभर तेवढ्याच पाहाव्या.

पण जळगाव-धुळ्याच्या माणसाची खरी ओळख निघते ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. तिथं आपला अजिंठा आहे. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत.

त्याची हकीकत अशी. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. (ही खोड आपल्याच पोरांची नाही, बरं का!) १८४४ साली कंपनी सरकारने मद्रासच्या लष्करातल्या रॉबर्ट गिलला नकला करायला पाठवलं. तो अजिंठा गावात राहिला. वर्षानुवर्षं लेण्यांच्या काळोखात बसून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली, आणि १८६६ च्या आगीत थोडी सोडून सारी जळाली. गिल पुन्हा कामाला लागला. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी सुमारे ३०० चित्रं तयार केली. तीही लंडनला गेली. १८८५ साली तिथंही आग लागली! उरलेली या म्युझियमने जपली आहेत. बहुतेक कोठारात असतात; तेव्हा निघण्यापूर्वीच लिहून विचारावं.

नकलेत काय बघायचं, असं म्हणू नका. नकला करताना रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ भिंतींवर वार्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, तडकलं. मूळ चित्रांना अपाय केला तो नकलाकारांनीच, आणि दीडशे वर्षांपूर्वी तिथं काय दिसत होतं याची साक्ष राहिली तीही त्यांच्याच कापडावर. ही साक्ष पटायला आधी मूळ पाहिलेलं हवं. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहावं. मग लंडन.

आणि शिक्षकबंधूंनो, विमानाचं तिकीट सगळ्या मुलांच्या वाट्याला कुठलं यायला? त्यांना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात न्यावं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. लगेच १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. तिथल्या पोथ्या, ताम्रपट यांतली एकच वस्तू प्रत्येक मुलाने निवडावी आणि वहीत काढावी. येता-जाता भुसावळला थांबणं झालं, तर तिथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतही एक चक्कर मारा. रॉबर्ट गिल १८७९ साली गेला. त्याची कबर तिथं आहे.