काराओकेच्या खोलीत पन्नाशीची पट्टी

जपानमधल्या मोठ्या शहरात रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की काराओकेची पाटी नजरेला पडतेच. आत छोट्या छोट्या बंद खोल्या असतात, खोलीत एक पडदा, दोन माइक आणि गाणी निवडायचा एक टॅब्लेट. पन्नाशीला टेकलेली एखादी बाई मैत्रिणींबरोबर तिथं येते, टॅब्लेट फिरत फिरत तिच्यापुढे येतो आणि तिचं बोट थबकतं. आता आपण काय गावं? यावर एक सल्ला नेहमी तयार असतो: वयाला शोभेल असं काहीतरी गा. तरुणपणीची नाचरी गाणी सोड, जरा शांत, पोक्त गाणं घे. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो हे खरं, पण तो उलट्या टोकाकडून विचार करतो असं मला वाटतं. त्यात गाणं जागच्या जागी उभं असतं आणि बाईनं आपलं वय घेऊन त्याच्यापर्यंत जायचं असतं. काराओकेचा जन्म मात्र नेमका याच्या उलट गोष्टीतून झालेला आहे.

कोबे शहरात १९७०च्या सुमारास दाइसुके इनोउए नावाचा एक वादक बारमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करत असे. त्याचं नोटेशनचं ज्ञान बेताचं होतं. त्यामुळे तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत त्याच्या चालीनं वाजवायचा. गाणारा रेंगाळला की साथ रेंगाळायची, सूर खाली आला की साथही खाली यायची. त्याच्या एका गिऱ्हाइकाला सहलीला जाऊन तिथं गायचं होतं. इनोउएला जाणं जमेना, म्हणून त्यानं त्या गृहस्थाला झेपेल अशा सुरात आणि लयीत साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१मध्ये त्याचं नाणं टाकून चालणारं यंत्र तयार झालं. त्यानं पेटंट घेतलं नाही, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की इनोउएची ती पहिली टेप एका सामान्य माणसाच्या गळ्याच्या मापानं बेतलेली होती. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. जी जागा रिकामी ठेवलेली आहे ती मूळ गायकासाठी नाही, जो समोर उभा आहे त्याच्यासाठी आहे.

आता गळ्याचं बघू. रजोनिवृत्तीच्या काळात संप्रेरकं बदलतात आणि बऱ्याच बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, वरचे सूर लागायला कष्ट पडतात. यंत्रावर अर्ध्या अर्ध्या स्वरानं पट्टी खाली-वर करायची सोय असते. तरीही ‘गेंक्योकु की’, म्हणजे मूळ गायिकेच्या पट्टीत गाणं, ही तिथं प्रौढीची गोष्ट मानली जाते आणि पट्टी उतरवणं म्हणजे थोडी हार. मराठी माणसाला हे कोडं वाटेल. आपल्याकडे पेटीवाला बोटं ठेवण्याआधी विचारतो, “पट्टी कोणती?” कुणी काळी चार सांगतं, कुणी पांढरी पाच, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तेवढी एक सवय जपानी काराओकेत आली तर निम्मी अडचण मिटेल. निम्मीच म्हणते, कारण पट्टी उतरवून सगळं साधत नाही. १९९०च्या दशकात तेत्सुया कोमुरो या संगीतकारानं गाजवलेल्या कित्येक गाण्यांत ध्रुवपद टिपेला जातं आणि कडवं बरंच खाली असतं. अशा गाण्याची पट्टी चार अर्धस्वरांनी उतरवली की ध्रुवपद आटोक्यात येतं, पण कडव्याचे शब्द घशातच विरतात. म्हणून गाणं किती उंच जातं यापेक्षा त्याचा पल्ला किती रुंद आहे ते आधी पाहावं. या कसोटीवर गायिका-संगीतकार युमी मात्सुतोयाची गाणी फार सोयीची ठरतात. तिचा स्वतःचा आवाज सपाट, कंपन नसलेला, पल्ला बेताचा. तिच्या चाली बोलण्याच्या अंगानं जातात. एन्का या जुन्या वळणाच्या गाण्यांत ‘कोबुशी’ नावाच्या हरकती लागतात, त्या तयारीशिवाय येत नाहीत. वय वाढलं की एन्काकडे वळावं असं जे मानतात, ते नकळत बाईला अधिक अवघड गाणं सुचवत असतात.

वयाला न शोभण्याचा आक्षेप सर्वांत जोरात येतो तो आयडॉल म्हणवल्या जाणाऱ्या कोवळ्या वयाच्या लोकप्रिय गायिकांच्या गाण्यांवर. सेइको मात्सुदाचं ‘आकाई स्वीटपी’ हे १९८२चं गाणं घ्या. लाजऱ्या प्रियकराबरोबर चालणाऱ्या एका कोवळ्या मुलीचं ते मनोगत आहे. पन्नाशीच्या बाईच्या तोंडी ते कसं दिसेल, असं विचारलं जातं. पण ते मनोगत लिहिलं कुणी? ताकाशी मात्सुमोतो या बत्तीस वर्षांच्या पुरुषानं. चाल बांधली ती युमी मात्सुतोयानं, ग्रेटा गार्बोच्या नावावरून घेतलेल्या ‘कारुहो कुरेता’ या टोपणनावानं. तीही तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. गाणारी सेइको एकोणीसची होती खरी, पण ती मुलगी पहिल्यापासून मोठ्यांनी कल्पनेनं घडवलेली होती. याच्या उलट उदाहरणही आहे. गायिका हिबारी मिसोराचं ‘कावा नो नागारे नो यो नी’ हे जानेवारी १९८९चं गाणं. मागे वळून सगळं आयुष्य पाहणारं. त्याच वर्षी जूनमध्ये वयाच्या ५२व्या वर्षी ती गेली, त्यामुळे ते तिचं निरोपाचं गाणं मानलं जातं. ते शब्द यासुशी आकिमोतोचे, आणि तेव्हा तो फक्त तीस वर्षांचा होता. तिशीचा पुरुष पन्नाशीच्या बाईचं मन लिहू शकतो, तर पन्नाशीच्या बाईनं एकोणिसाव्या वर्षाचं मन गायला हरकत ती कसली? काराओकेतल्या हुकमी गाण्याला जपानीत ‘जुहाचिबान’ म्हणतात, म्हणजे अठरावा क्रमांक. हा शब्द काबुकीतल्या इचिकावा घराण्याच्या अठरा निवडक नाटकांवरून आला, असं सांगतात. त्याच काबुकीत साठी ओलांडलेला नट षोडशेची भूमिका करतो आणि प्रेक्षक त्याचं वय मोजत बसत नाहीत, कला पाहतात.

मात्र भूमिकेचा मुद्दा एवढ्यावर सोडला तर कुठलंही गाणं चालेल असं होईल, आणि मला तसं म्हणायचं नाही. काही गाणी गाणारीच्या वयाबरोबर पिकतात, काही पिकत नाहीत. निवड तिथं करावी. मोमोए यामागुचीचं १९७७चं ‘कॉसमॉस’ मासाशी सादानं पंचविसाव्या वर्षी लिहिलं आणि तिनं अठराव्या वर्षी गायलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी आपल्या आईकडे बघते आहे, एवढंच त्यात घडतं. तरुण वयात ते मुलीचं गाणं असतं. ज्या बाईची आई आता थकलेली आहे किंवा राहिलेली नाही, जिची स्वतःची लेक वयात आली आहे, ती तेच शब्द गाते तेव्हा ती त्या प्रसंगात दोन्ही जागी उभी असते. एकही अक्षर न बदलता गाण्याचा अर्थ सरकतो. मारिया ताकेउचीचं ‘एकी’, म्हणजे स्टेशन, हे आणखी नाजूक प्रकरण आहे. संध्याकाळच्या गर्दीत पूर्वीचा प्रियकर दिसतो, ती शेजारच्या डब्यातून त्याला न्याहाळते, आणि दोघं आपापल्या घरी वाट बघणाऱ्या माणसांकडे निघून जातात. त्यात एके ठिकाणी कर्ता गाळलेला आहे. ‘त्यानं फक्त माझ्यावरच प्रेम केलं होतं’ असाही अर्थ निघतो आणि ‘प्रेम फक्त मीच केलं होतं’ असाही. गाणाऱ्यांमध्ये यावर अजून वाद आहे. १९८६मध्ये एकवीस वर्षांच्या आकिना नाकामोरीनं ते जवळजवळ कुजबुजत गायलं, दुसऱ्या वर्षी बत्तिशीच्या ताकेउचीनं स्वतः गायलं तेव्हा त्याचा सूर अधिक स्थिर, सावरलेला होता. पन्नाशीच्या बाईला यातला कोणता अर्थ खरा हे बहुधा आपल्यापुरतं ठाऊक असतं, आणि ते आवाजातून ऐकू येतं. हिकारु उतादाचं ‘फर्स्ट लव्ह’ही तसंच. १९९९मध्ये सोळा वर्षांच्या मुलीनं त्यात पुढच्या आयुष्याविषयी एक खात्री देऊन ठेवली. तेव्हा विशीत असलेल्या बायका आज ते गातात तेव्हा त्या खात्रीचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत असतं.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला वजनदार वाटतो. काराओके ही मैफल नाही, सोबत आहे; खोलीत आणखी चारजणी आहेत आणि त्यांनाही मजा यायला हवी. कुणाला न कळणारं, उदास गाणं पाच मिनिटं आळवणं हा सोबतीचा अनादर होऊ शकतो. हे मान्य. पण इथं खोलीचा इतिहास लक्षात घ्यावा. सुरुवातीचा काराओके बारमध्ये होता, पुरुष गिऱ्हाइकांच्या गर्दीत, अनोळखी माणसांसमोर. १९८५मध्ये ओकायामात मालवाहू कंटेनरची खोली करून पहिला काराओके बॉक्स उघडला, आणि त्यानंतर विद्यार्थी आले, कुटुंबं आली, दुपारच्या वेळी गृहिणी आल्या. आता तर ‘हितोकारा’, म्हणजे एकटीनं खोली घेऊन गाणं, हेही रूढ झालं आहे. ऐकणारं माणूस बदललं तसं निवडीचं बंधनही सैल झालं. ऑफिसातल्या तरुण मुलींबरोबर जायचं असेल तर मियुकी नाकाजिमाचं ‘इतो’, म्हणजे धागा, घ्यावं. गाणं १९९२चं, पण नंतरच्या अनेक गायकांनी ते गायलं, लग्नांतून वाजलं, आणि विशीतल्या मुलींनाही ते आपलंच वाटतं. जुन्या मैत्रिणी असतील तर ‘एकी’ खुशाल लावावं. आणि एकटी असेल तर ज्या गाण्याची अजून लाज वाटते ते दहा वेळा गाऊन बघावं.

ताकेउचीचंच एक गाणं आहे, ‘जिन्सेई नो तोबिरा’, आयुष्याचं दार. ते २००७मध्ये आलं तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. त्यात विशीपासून नव्वदीपर्यंत एकेक दशकाचं नाव घेत ती पुढे जाते, प्रत्येकाविषयी चार शब्द बोलते. चाल संथ आहे, पल्ला आटोपशीर आहे, पट्टी दोन अर्धस्वर खाली घेतली तरी काही बिघडत नाही. आज अठ्ठेचाळिशीत ते गाणाऱ्या बाईचं स्वतःचं दशक गाण्याच्या साधारण मध्यावर येतं. आधीची नावं ती आठवणीतून घेते, पुढची अजून नुसते शब्दच असतात. पाच वर्षांनी त्याच मैत्रिणींबरोबर त्याच खोलीत तिनं ते पुन्हा लावलं, तर तिचा आवाज भरून येण्याची जागा एक ओळ पुढे सरकलेली असेल.