भुईमुगाचा रानटी भाऊबंद



सेनगाव-हिंगोली भागातल्या या गोरेगावात शेतकऱ्यांसमोर भुईमुगावर बोलायचे म्हटले की कुणीतरी विचारणारच, आता भुईमूग उरलाय किती? सोयाबीन आणि हळदीने रान घेतले, हे खरे. पण सगळे खापर बाजारभावावर फोडू नका. शेंगा पोसायच्या दिवसांत टिक्का आणि तांबेरा हे पानांचे रोग येतात, पाला झडतो, दाणा पोचट राहतो, शिवाय जनावरांची वैरणही जाते. फवारणीचा खर्च मांडला की माणूस पुढच्या हंगामात दुसरे पीक पेरतो.

या दुबळेपणाचे मूळ पिकाच्या जन्मातच आहे. दक्षिण अमेरिकेत २० गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींचा संकर झाला, गुणसूत्रे दुप्पट झाली आणि ४० गुणसूत्रांचा भुईमूग तयार झाला. त्यानंतर २० गुणसूत्रांच्या भाऊबंदांशी त्याची सोयरीक जवळजवळ तुटली. जगभरचा भुईमूग थोड्याशा पूर्वजांवर उभा आहे. रोगाशी झुंजायला लागणारी विविधता त्याच्या गाठीला कमीच.

ती विविधता रानात राहिली. बोलिव्हियात ‘अरॅकिस कार्डेनासी’ नावाची जात आहे. तिची शेंग आपल्या मोंढ्यात कुणी हातातही धरणार नाही, पण टिक्का-तांबेऱ्याला ती दाद देत नाही. ग्रेगरी, क्रापोविकास आणि पिएत्रारेली या संशोधकांनी तिचा नमुना गोळा केला. अमेरिकेत स्मार्ट आणि ग्रेगरी यांनी १९६०च्या दशकात तिचा भुईमुगाशी संकर केला, तेव्हा हाती आले ३० गुणसूत्रांचे वांझ झाड. कोल्चिसीन हे रसायन लावून गुणसूत्रे ६० केली, मग पिढ्यामागून पिढ्या वाढवत, निवडत ती ४० वर आणली. कंटाळवाणे काम, त्याचे फोटो वर्तमानपत्रात येत नाहीत.

पण फळ आपल्या शेजारीच आले. हैदराबादजवळच्या पतंचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेत या रानटी रक्ताची आयसीजीव्ही ८६८५५ ही पैदास-ओळ होती. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ती केआरजी १ या वाणाशी संकरित करून जीपीबीडी ४ हा उपटा वाण काढला. टिक्का आणि तांबेरा, दोन्हींना तोंड देणारा. पुढे इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी त्यातले नेमके जनुकखंड डीएनए-खुणांच्या मदतीने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या टीएजी २४ आणि आपल्या जळगावच्या जेएल २४, म्हणजे फुले प्रगतीमध्ये उतरवले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. २०२१च्या एका अभ्यासात कार्डेनासीचा हा वारसा ३० देशांतल्या २५१ वाणांत आणि ओळींत आढळला. हे सारे बियाणे सीमा ओलांडत फिरले म्हणून घडले. आंतरराष्ट्रीय जैवविविधता करारानंतर मूळ देशाचा हक्क मान्य झाला, तो न्याय्यच. पण हक्काच्या कागदांत बियाणेच अडकून पडले, तर बोलिव्हियालाही काही मिळणार नाही आणि आपल्यालाही.

एक सावधगिरी. टिक्क्याला दाद न देणारा वाण पाने खाणाऱ्या अळीलाही दाद देणार नाही, असे समजू नका. रोग वेगळा, कीड वेगळी. शेतात चक्कर मारावीच लागेल.

आता माझी खरी तक्रार. प्रयोगशाळेने आपले काम केले, वाण मात्र शिवारात पोचत नाही. भुईमुगाला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास बियाणे लागते, आणि एका क्विंटलचे पुढे जेमतेम दहाएक क्विंटल होते. वाहतूक जड, साठवण नाजूक, आणि शेतकरी घरचेच बी राखू शकतो. मग खासगी कंपनीला यात रस का वाटावा? म्हणून शेजाऱ्याच्या कणगीतले जुने बी फिरत राहते, आणि त्याच्याबरोबर जुना दुबळेपणाही.

बियाणे वाढवण्याचे काम गावातल्या गटांनीच हाती घ्यावे लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मूलभूत बियाणे मागावे, उन्हाळी हंगामात पाणी असलेल्या दोन-चार शेतांवर ते वाढवावे, आणि खरिपात गावाला द्यावे. आजच्या मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात तसा ठराव येणार आहे. माझी सूचना इतकीच की त्यात वाणाच्या नावापुढे पाला किती दिवस हिरवा राहिला, याच्या नोंदीचा रकाना असावा, आणि तो भरायची जबाबदारी कुणाची, हेही त्यात लिहावे.