डोक्यावरचा दिवा



शहरातील दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्या माणसास खऱ्या अंधाराची ओळख सहसा होत नाही. ती होते पहाटे साडेचारला पळावयास बाहेर पडल्यावर, किंवा गड उतरता उतरता वाटेतच दिवस मावळल्यावर. अशा वेळी हातातली विजेरी अपुरी पडते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात कठड्याला हवे असतात. आणि पळणाऱ्याचे हात तर पायांच्या तालावर हलावयाचेच. म्हणून दिवा हातातून निघून कपाळावर जाऊन बसला. बाजारात त्यास हेडलॅम्प किंवा हेडटॉर्च म्हणतात. असा, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा दिवा विकत घ्यावयाचा तर तो कसा पारखावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

हा दिवा इतका हलका झाला तो दोन शोधांमुळे. निळा प्रकाश देणारा एलईडी साधल्यामुळे थोड्या विजेत भरपूर पांढरा उजेड मिळू लागला. त्याबद्दल २०१४ साली आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. ती १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्या जनकांचा गौरव २०१९ साली त्याच पारितोषिकाने झाला.

आता दुकानात चला. खोका हाती घेताच डोळ्यांत भरतो तो ल्यूमेनचा आकडा. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचे माप. ४०० ल्यूमेनचा दिवा २०० च्या दिव्याहून दुप्पट लांबचे दाखवील, असा आपला समज होतो. पण अंतर वाढेल तसा प्रकाश त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. झोत तितकाच रुंद ठेवून दुप्पट लांब पाहावयाचे, तर प्रकाश चौपट लागतो. तेव्हा मोठ्या आकड्याने भुलून जाण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाचा आकडा तासांचा, आणि फसगत होते ती येथेच. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या एफएल-१ या मानकाप्रमाणे दिव्याची मुदत मोजतात ती उजेड आरंभीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंत. खोक्यावर ‘४०० ल्यूमेन, सहा तास’ असे लिहिलेले असेल, तर ते खोटे नसते. परंतु त्यांपैकी चारशेचा उजेड किती वेळ आणि चाळीसच्या आसपासचा किती वेळ, हे त्या ओळीत कळत नाही. गड चढताना चारशे आणि उतरताना चाळीस, असे झाले तर तो दिवा काय कामाचा? पाय घसरावयाचा तो बहुधा उतरतानाच.

यावर एक घरगुती हिशेब आहे. बॅटरीवर १००० मिलिअँपिअर-तास असे लिहिले असेल, तर तिच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाने गुणून ३.७ वॅट-तास येतात. एका वॅटमागे ढोबळमानाने शंभर ल्यूमेन धरा. म्हणजे १०० ल्यूमेनचा उजेड साडेतीन तासांच्या आसपास टिकेल, आणि ४०० चा तासाभराच्या आतच मंदावेल. खोक्यावरचे दावे या ताजव्यात घालून पाहावे.

मग उजेड हवा तरी किती? तंबूत स्वयंपाकाला दहा-वीस ल्यूमेन पुरतात; मळलेल्या पायवाटेने चालावयास पन्नास ते शंभर. पळणाऱ्याची गोष्ट निराळी. ताशी दहा किलोमीटर वेगाने पळणारा एका सेकंदात पावणेतीन मीटरहून अधिक पुढे जातो; चालणारा जेमतेम एक मीटर. पुढचा दगड दिसून पाऊल वळविण्यास अवधी मिळावा, तर खडकाळ वाटेवर पळताना दोनशे-तीनशे ल्यूमेन असलेले बरे.

पळणाऱ्याने वजनही पाहावे. पट्टा बांधून दुकानातच दोन-चार उड्या माराव्या. दिवा कपाळावर नाचू लागला, तर तो परत ठेवावा. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन-चार दिवस हिंडणाऱ्याने मात्र बॅटरी बदलता येते की नाही, हे आधी विचारावे. काही दिव्यांत चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या जागी साधे एएए सेलही चालतात. पावसाळ्यात डोंगरातल्या गावी वीज गेली, तर हीच सोय उपयोगी पडते.

आपल्या सह्याद्रीत पावसाचाही विचार हवा. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही शाबूत. धुक्यात मात्र कपाळावरचा दिवा आपलाच शत्रू होतो. डोळ्यांलगतचा प्रकाश धुक्यावरून उलटून डोळ्यांतच शिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी, हात मोकळा असेल तेथे, दिवा काढून कमरेपाशी धरावा. धुके भेदते, आणि दगडांच्या सावल्या पडून वाटेचे उंचसखलही कळते.

लाल उजेडाची सोय असल्यास उत्तम. अंधाराला सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या झोताने तो सराव क्षणात मोडतो, मंद लाल उजेडाने फारसा मोडत नाही. पिशवीत दिवा आपोआप लागू नये म्हणून कळ बंदिस्त करण्याची युक्ती असावी. हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री बॅटरी उबदार पांघरुणात घेऊन निजावे, कारण थंडीत तिची शक्ती घटते. घरी अनेक महिने ठेवावयाची झाल्यास ती निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

आणि एक खूण सर्वांनी पाठ करावी. संकटात मिनिटाला सहा वेळा दिवा चमकवावा, मग एक मिनिट थांबावे, आणि पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन वेळा चमकून उत्तर आले, म्हणजे आपली हाक पोहोचली असे समजावे.

सारांश, दिवा निवडताना ‘किती प्रखर’ असे न विचारता ‘परतीच्या शेवटच्या तासाला किती’ असे विचारावे. चौघांत एक नव्हे, माणशी एक दिवा घ्यावा, आणि बरोबर एक लहानसा जास्तीचा ठेवावा. घरातील मुले रात्रीच्या चढाईस निघाली म्हणजे वडील माणसे शिदोरीची चौकशी करतात. तीत या एका प्रश्नाची भर पडली, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.