शाळेची समिती आणि आपली जागा



गावच्या शाळेचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नावर आज बोलायचे आहे. त्यासाठी औंधइतकी योग्य जागा नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. महात्मा गांधींचा सल्ला, आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम त्यामागे होते. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची आणि तिच्यावर विधिमंडळ, अशी रचना होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आटपाडीच्या तराळाचे चिरंजीव शंकरराव खरात याच औंधला हायस्कुलात शिकले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु कारभार गावाच्या हाती दिला म्हणजे गावातल्या नेमक्या कोणाच्या हाती, हे आपण विचारलेच पाहिजे. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी ते फार पूर्वी विचारले होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा सरकारकडून स्थानिक मंडळांकडे जाऊ लागल्या. ऐकायला ही लोकशाही वाटते. पण १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे हस्तांतर थांबवा अशी मागणी केली, अन्यथा अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल असे बजावले. कारण उघड होते. मत मालमत्तेवर मिळे, आणि ज्यांच्या मुलांना अस्पृश्यांची मुले शेजारी नको होती त्यांचेच प्रतिनिधी मंडळावर बसत. सार्वजनिक शाळा सर्वांना खुल्या कराव्यात हा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्येच संमत झाला होता, पण कागदावरचा ठराव वर्गाच्या दारापर्यंत पोहोचत नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले आणि ज्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागले, त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मात्र स्थानिक कारभारावर विश्वास नाही म्हणून बाबासाहेब बाजूला बसले नाहीत. जिथे निर्णय होतो तिथे आमचा माणूस हवा, ही त्यांची मागणी शेवटपर्यंत कायम राहिली.

आता आजचा कायदा पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. एकूण सभासदांत निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच निवडतात व मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचे काम पाहणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. १९२८ साली जे मिळत नव्हते ते कलमात लिहून आले आहे. माझ्या मते या कायद्यातला हाच सर्वांत मोलाचा भाग, आणि आपल्या लोकांनी सर्वांत कमी वाचलेला.

मी बँकेत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी समितीच्या खात्यातून पैसे काढायला मुख्याध्यापक व अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या घेऊन लोक काउंटरवर येत. एकदा एक भगिनी आल्या होत्या. सही सुरेख केली. रक्कम कशासाठी, असे मी सहज विचारले, तर म्हणाल्या, "गुरुजींना माहीत." गुरुजी प्रामाणिकच असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण सही त्या बाईंची होती, आणि उद्या हिशेब निघाला तर जबाबदारीही त्यांचीच. पुष्कळ गावांत आरक्षणाच्या जागेवर आपल्या बायका आहेत. त्यांना सभेची नोटीस वेळेवर मिळते का? सभा मजुरीच्या वेळेत ठेवतात का? इतिवृत्त सभेत वाचतात, की सह्या घेण्यासाठी घरोघर फिरवतात? या तीन प्रश्नांत अर्धी समिती कळते.

अनुदानित खासगी शाळांची गोष्ट थोडी वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीने तेथील आणि अल्पसंख्याक शाळांतील समित्यांचे काम केवळ सल्ल्याचे ठरवले. म्हणून काहीजण म्हणतात, नुसता सल्ला द्यायला कशाला जायचे? मला हे पटत नाही. सल्ला तोंडी दिला तर वाऱ्यावर जातो, ठराव म्हणून नोंदवला तर कागदावर राहतो, आणि अनुदानित शाळेचा तो कागद दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात मागता येतो. संस्थेने सल्ला का मानला नाही, हे मग विचारता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक काम आहे. आई समितीवर असेल तर सभेच्या आदल्या रात्री मागचे इतिवृत्त आणि आराखडा तिला वाचून दाखवा. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले गेले का, आपल्या वस्तीतले कोणते मूल ऊसतोडीला गेले म्हणून शाळेतून गळाले, हे मुद्दे एका कागदावर लिहून द्या. आणि आई समितीवर नसेल, तर पुढची पालकसभा कधी आहे ते उद्याच शाळेत विचारून या.

नमो बुद्धाय, जयभीम.